तुझी उत्तरं मी दिली

लिया, काल तुझ्या शोकाचे सात दिवस संपले. पाहुणे गेले, जमिनीवरच्या गाद्या उचलल्या, आरशावरची चादर काढली. आज सकाळी चहा करायला तुझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मला तुझा राग आला. बाई, निदान डब्यांवर नावं तरी लिहून ठेवायचीस! धणेपूड कुठली, जिरेपूड कुठली, तुला डोळे मिटून कळायचं. मी हुंगून बघावं तर रडून रडून माझं नाक चोंदलेलं. वेलची समजून चहात काय टाकलं देव जाणे. दादा तो चहा मुकाट्याने प्यायला. हल्ली त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी तो पितो. एकोणतीस वर्षं तुझ्या हातचं खाऊन नावं ठेवणारा माझा भाऊ!

सात दिवसांत एकच भांडण झालं, ते तुझ्या फोटोवरून. तुझ्या लेकीला, ओराला, तो निळ्या साडीतला हवा होता, ऑपरेशननंतरचा, ज्यात तुझ्या गळ्याची हाडं दिसतात. दादाने कपाटातून जुना काढला. कारखान्याच्या खानावळीत तू पळी घेऊन उभी आहेस आणि चौकटीत दुसऱ्या कुणाला जागाच उरलेली नाही. "ही माझी बायको," दादा म्हणाला. "आणि ही माझी आई," लेक हिब्रूत म्हणाली. शेवटी मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. भेटायला आलेल्या एका बाईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ही जाडी तिची थोरली बहीण का? मला हसू आवरेना. शोकाच्या घरात पदर तोंडात कोंबून हसले. तू असतीस तर माझ्याहून मोठ्याने हसली असतीस.

मला कुठला फोटो आवडतो, ते कुणी विचारलं नाही. मला मुंबईतली तू आठवतेस, जिचा फोटो कुणी काढलाच नाही. माझगावच्या शिवणाच्या क्लासात तू माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचीस, आणि बाईंची पाठ वळली की कापडाखाली चणे खायचीस. दादाला तुझ्या घरी मीच घेऊन आले होते, ब्लाऊजचा कागद परत करायच्या निमित्ताने. म्हणजे तू माझी मैत्रीण आधी आणि वहिनी नंतर. चारचौघांत मी तुला वैनी म्हणायचे, एकटी सापडलीस की लिया. वैनी म्हटलं की तू पदर सावरून बसायचीस आणि लिया म्हटलं की पाय पसरून.

मग आपण सगळे इथे इस्रायलला आलो. ओफाकिमला बसमधून उतरलो तेव्हा वाळूचा वारा सुटला होता, आणि तू दादाला विचारलंस, "गाव कुठं हाय?" तो म्हणाला, "हेच." तू म्हणालीस, "बरं. बाजार कुठं हाय?" तुझं असं होतं. दोन महिन्यांत कारखान्याच्या खानावळीत लागलीस. तिथल्या मोरोक्कन बायकांना आमटी शिकवलीस, त्यांच्याकडून माशाचा लाल रस्सा शिकलीस, दोन्ही रोज चाखून पाहिलंस आणि अंगाने वाढत गेलीस. पुढे रक्तात साखर आली. गुडघे बोलायला लागले. बसची पायरी चढताना तू दांडा धरून थांबायचीस, मागची माणसं चुळबुळायची. मी मागे उभी राहून त्यांच्याकडे असं बघायचे की ती गप्प व्हायची. त्या काळात माझी ती एक चांगली सेवा झाली, एवढं तरी मान्य कर.

अंग उतरवायचा तुझा निर्णय कधी झाला ते मला माहीत आहे. योम किपूरच्या उपासाच्या दिवशी युद्ध सुरू झालं ती दुपार. आपण दोघी सिनेगॉगमधून घरी येत होतो, पोटात अन्नपाणी नाही, आणि भोंगा वाजला. बॉम्बपासून लपायच्या इमारतीखालच्या आसऱ्याचा तो अरुंद जिना. अर्ध्यावर तुझा गुडघा धरला. मागे पोरंबाळं घेऊन सगळी इमारत उभी, तुला पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागून एक पुरुष ओरडला, काय ओरडला ते मी इथे लिहिणार नाही. तू पायरीवर बसलीस आणि भिंतीला चिकटून अंग चोरलंस. "तुम्ही जावा, मी बसते हितंच." तुझ्या मांडीवरून, तुझ्या खांद्याला धरून माणसं खाली उतरली. मी तुझ्याजवळ बसले. तू रडली नाहीस. फक्त म्हणालीस, "पुढच्या वेळेला माझ्यामुळं कुणाचं पोर वर राहिलं तर?"

त्यानंतर चार वर्षं तू काकडी खाल्लीस, कोबीचं पाणी प्यायलीस, दवाखान्यातल्या बाईने लिहून दिलेले कागद फ्रिजवर चिकटवलेस. वजन चार किलो उतरायचं, पाच चढायचं. मग कुणीतरी सांगितलं, पेताह तिक्वाच्या बाजूला एका इस्पितळात अमेरिकेत शिकून आलेले सर्जन आहेत, ते जठराला वरच्या अंगाला टाके मारून चहाच्या कपाएवढी पिशवी ठेवतात, मग माणूस जास्त खाऊच शकत नाही. आपलं केवढं भांडण झालं होतं! मी म्हटलं, देवाने दिलेलं पोट कापून घेणार? तू म्हणालीस, "आणि देवाने दिलेले गुडघे? ते काय तुझ्या बापाने दिले?" मी तीन दिवस तुझ्या घरी आले नाही. चौथ्या दिवशी आले, कारण तुला हिब्रू धड येत नव्हतं आणि सर्जनपुढे तुझ्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं होतं. मी इथल्या शाळेच्या कचेरीत कामाला, माझी हिब्रू चुरूचुरू. त्या दिवसापासून मी तुझं तोंड झाले.

त्या सर्जनने लपवाछपवी केली नाही, हे मला कुणी विचारलं तर मी सांगेन. कागदावर चित्र काढून दाखवलं. वजन उतरेल, म्हणाले, साखरही उतरेल. पण पिशवी लहान, तिच्यातलं आंबट वर येऊ शकतं, आणि घशापासून पोटापर्यंतची ही नळी नाजूक असते. तिला जन्मभर जपायचं. जळलं, अन्न अडकलं, झोपेत वर आलं तर लगेच सांगायचं, वाट बघायची नाही. दरवर्षी बेर्शेबाला तपासणी करायची. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तू मान हलवलीस. म्हणजे आपल्या दोघींना सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एलियाहू हनाबीला नवस बोलले. वैनी सुखरूप घरी येऊ दे, स्वतःच्या पायांनी जिना उतरू दे, मलिदा करीन. आणि तू उतरलीस! वर्षभरात तुझी निम्मी लिया नाहीशी झाली. पहिले महिने दोन चमचे पेज आणि पुरे. आमच्यासाठी मात्र तू सगळं रांधायचीस आणि समोर बसून आमच्या तोंडाकडे बघायचीस. "सांग, मीठ झालं?" मला घास गिळवायचा नाही. तू म्हणायचीस, "खा गो, मी डोळ्यांनी जेवते." मग तुझे ब्लाऊज मी आत घ्यायला लागले. एकेका ब्लाऊजला चार चार वेळा टाके घातले, माझगावच्या बाईंनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. शेजारच्या मुलीच्या मेंदीला तू नाचलीस. दादा दारात उभा राहून बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याला चिडवून चिडवून आपण आठवडाभर हसलो. बसची पायरी तू एका दमात चढलीस आणि वर पोचून माझी वाट बघितलीस. त्या ऑपरेशनला मी शिव्या देणार नाही, लिया. त्याने मला माझी मशीनवरची मैत्रीण परत दिली.

मलिदा आपण थाटात केला. बेर्शेबाच्या दुकानातून पोहे आणले, नारळ मिळता मिळत नव्हता तर दादाने रामलेपर्यंत जाऊन आणला. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं. पुरुषांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. ताट फिरून झाल्यावर मी तुला बाजूला घेतलं आणि आईचा दंडक ऐकवला. तुला आठवत असेलच, विसरायला मी दिलंच कुठे? आमची आई म्हणायची, नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. काढलं तर दिलेलं दान नावं ठेवून परत केल्यासारखं होतं. मी म्हटलं, "वैनी, आजपासून पोटाची तक्रार नाही करायची. कुणी विचारलं तर एकच बोलायचं, देवाची दया." तू चमच्याने मलिद्यातला केळ्याचा तुकडा कुस्करत होतीस. म्हणालीस, "बरं बाय." मला तेव्हा केवढं कृतकृत्य वाटलं. शहाणपण शिकवल्याचं सुख काही वेगळंच असतं.

आता मागे वळून बघते तर सगळं उघड्यावर पडलेलं दिसतं. जेवण झालं की तू कचऱ्याची बादली घेऊन खाली जायचीस. रोज, प्रत्येक जेवणानंतर. मी ओराला सांगायचे, बघ तुझी आई किती टापटिपीची, घरात कचरा ठेवत नाही. इमारतीमागच्या त्या पिंपांजवळ तू काय करत होतीस ते मला शेवटच्या महिन्यात कळलं. तुझ्या पलंगावर तीन उश्या आल्या. मी म्हटलं, काय महाराणी झालीस! तू म्हणालीस, "मान दुखते." पर्समध्ये पांढऱ्या पातळ औषधाची बाटली आली. मी विचारलं तर "गॅसचं," म्हणालीस. आणि तुझा आवाज. सगळ्या ओफाकिममध्ये मराठी कीर्तन उभं करायचं तर लियाबाईंनाच बोलवायचे. योसेफाला भावांनी विकलं ती जागा आली की तू सूर असा उचलायचीस की म्हातारे रडायचे. तो सूर हळूहळू खाली आला. सकाळी तर घोगरा घसा, दुपारपर्यंत सुटायचा नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वैनी म्हातारी झाली, आता टाळ वाजवू दे तिला." सगळे हसले. तूही हसलीस आणि टाळ घेतलेस.

ओराने एकदा मला विचारलं होतं. सैन्यातून सुटीवर आली होती, गणवेशातच. हिब्रूत म्हणाली, "आत्या, इमा रोज ओकते का?" मी म्हटलं, "तोंड सांभाळ. तुझ्या आईवर देवाची दया आहे." तिने पुन्हा विचारलं नाही. तिलाही मीच गप्प केलं, हेही या यादीत असू दे.

दरवर्षीची बेर्शेबाची फेरी मात्र आपण सणासारखी करायचो. तू निळी साडी नेसायचीस, मी डब्यात उकडलेली अंडी घ्यायचे. डॉक्टर चांगले होते, अर्जेंटिनाहून आलेले, हळू बोलायचे. कागद पुढे ओढून ते एकेक प्रश्न विचारायचे. छातीत जळतं? अन्न अडकतं? झोपेत तोंडात आंबट येतं? ते तुझ्याकडे बघून विचारायचे आणि मी उत्तर द्यायचे. "लो, लो. बारूख हाशेम." नाही, नाही, देवाची कृपा. तुला मराठीत विचारायचीही तसदी मी घेत नव्हते. प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार. तू पर्सच्या कडीशी चाळा करत बसायचीस. डॉक्टर लिहून घ्यायचे. मग आपण बाजारात जाऊन वेलची घ्यायचो, एकमेकींना पिशव्या उचलू द्यायचो नाही आणि वाद घालत बसस्टँडवर यायचो.

त्या बसस्टँडवरचा आपला वाद अर्धाच राहिला. पाचवं वर्ष असेल. तू एकदम म्हणालीस, "गो रेचल, डॉक्टर मला विचारतात नि जबाब तू देतेस."

"मग काय तुझ्या हिब्रूत सांगणार? संध्याकाळ होईल."

"होऊ दे की. मला काय घाई हाय?"

"तुला काही सांगायचं आहे का?"

"मी काय तसं बोलले?" तू म्हणालीस. "मी बोलले, जबाब तू देतेस."

मला राग आला. माझी रजा गेली, भाडं माझं, वर ही बोलणी. घरापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन आठवडे अबोला धरला आणि पुढच्या वर्षी म्हटलं, सगळं ठीक असताना कशाला दिवस घालवायचा? त्या वर्षी आपण गेलो नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. डॉक्टरांकडून पत्रं आली. ती हिब्रूत होती, म्हणून तू माझ्याकडे दिलीस. ती माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

मला अजून वाटतं की त्या दिवशी तू दार किलकिलं केलं होतंस, आणि मी ते धाडकन लावलं. की मी उगीच अर्थ काढते आहे? तू सरळ का नाही बोललीस, लिया? माशाच्या दुकानदाराशी तू अर्धा तास भांडू शकायचीस, त्याच तुझ्या मोडक्या हिब्रूत. माझ्यापुढेच तुझी जीभ का अडली? बघ, मेलेल्या माणसावर चिडते आहे. सवय जात नाही.

गेल्या हिवाळ्यात पेजही उतरेना. तू घास घ्यायचीस, डोळ्यांत पाणी यायचं आणि हात छातीच्या मध्यावर थांबायचा. तेव्हा कुठे आपण पुन्हा बेर्शेबाची बस धरली. त्यांनी दुर्बिणीची नळी घशातून आत घातली. नंतर डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे कधीपासून?" माझं तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी तू बोललीस. तुझ्या खानावळीतल्या हिब्रूत, बोटं मोजत, सगळं. सात वर्षं. पहिली दोन चांगली गेली. मग जळायला लागलं. मग अन्न अडकायला लागलं. रोज ओकते. बसून झोपते. डॉक्टर लिहीत होते, मी ऐकत होते. तुला संध्याकाळ लागली नाही. दहा मिनिटं लागली असतील.

त्यांनी समजावलं की इतकी वर्षं आंबट लागून लागून नळीची आतली कातडी पालटली, तिथेच गाठ धरली. वेळेवर नळी घालून बघितलं असतं, औषध दिलं असतं, तर कदाचित. कदाचित हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. मला त्यांनी दोष दिला नाही. मला तो दिलेला बरा वाटला असता.

बाहेरच्या बाकावर मी तुला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तू थकली होतीस. म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू काय बोलली असतीस?"

मला उत्तर माहीत होतं, तुलाही माहीत होतं. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "चल, वेलची संपलीय घरात." माझ्यावर रागवायची ती तुझी हक्काची वेळ होती आणि तू मला वेलची घ्यायला नेलंस.

शेवटचे महिने तू आमची करमणूक केलीस. "आता मी तुझ्यापरीस बारीक हाय," म्हणायचीस. नर्सला आमटीची कृती सांगायचीस, ती बिचारी रशियाची, मान हलवायची. शुक्रवारी मी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत घेऊन यायचे. आपल्या कोकणातल्या माणसांना द्राक्षाची दारू कुठली मिळणार, मनुकांच्या शरबतावरच आपली शब्बाथची प्रार्थना होत आली. दादा प्रार्थना म्हणायचा आणि मी चमच्याच्या टोकाने तुझे ओठ ओले करायचे. गिळायचं काही नव्हतं. तू जिभेने ओठ चाटायचीस आणि म्हणायचीस, "साखर जास्त झाली." दर शुक्रवारी. मी त्यात साखर घालतच नव्हते, लिया. तुला नावं ठेवू द्यायला मला किती बरं वाटायचं.

परवा, सहाव्या दिवशी, मी दादापुढे बसले आणि सगळं ओकले. नवस, दंडक, डॉक्टरचे प्रश्न, खणातली पत्रं. मला वाटलं तो मला घराबाहेर काढेल. तो म्हणाला, "रेचल, मी सात वर्षं तिच्या बाजूला निजलो. तीन उश्या मला दिसत नव्हत्या?" मी म्हटलं, तू विचारलंस का कधी? तो म्हणाला, "एकदा. ती बोलली, उद्या पुन्हा फाडतील नि होतं तसं करतील, मला परत त्या पायरीवर बसायचं नाय." म्हणजे तू माझ्या दंडकामुळे गप्प नव्हतीस? की त्याच्यामुळेही आणि पायरीच्या भीतीनेही? की माझ्या भावाने, जन्मात खोटं न बोललेल्या माणसाने, माझ्यासाठी हे एक रचलं? तू असतीस तर एका भुवईने सांगितलं असतंस. आता मला ते कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं मला माझ्या वाटणीचं म्हणून घ्यायला हवं.

आणि आता आज दुपारची गोष्ट. तुला सांगायची म्हणूनच तर लिहायला बसले.

ओरा स्वयंपाकघरात आली. तुझी लेक तुझ्याच अंगाची झाली आहे. चोवीस वर्षांची पोर, पण माझ्यासमोरच्या स्टुलावर बसताना आधी त्याचे पाय हलवून बघते. तुझी खूण. तिने पिशवीतून एक कागद काढला. बेर्शेबाच्या डॉक्टरांनी तिला ऑपरेशन सुचवलं आहे, ते लवकर करतात आता, वेगळ्या पद्धतीने, जठराला पट्टा बांधून. तुझं आजारपण चालू होतं म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सही कधी करायची ते तिचं तिनेच ठरवायचं आहे. ती माझ्याशी नेहमी बोलते तशी हिब्रूत बोलत होती. मग तिने कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आत्या, इमाला पश्चात्ताप झाला होता का?"

लिया, उत्तर तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. नाही गं, कसला पश्चात्ताप, देवाची दया. आणि त्याच्या मागे दुसरंही उभं होतं, अगदी उलटं: हो, झाला होता, तू त्या वाटेला जाऊ नकोस. दोन्ही मी तुझ्या नावाने, तुझ्या आवाजात, खात्रीने देऊ शकले असते. पोरीने मानलंही असतं.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलंच नाही."

मला वाटलं ओरा उठून जाईल. तिला तो हक्क होता. तिने स्टूल पुढे ओढलं आणि मराठीत, जी ती लहानपणानंतर माझ्याशी कधी बोलली नव्हती, अडखळत म्हणाली, "मग मला विचार."

मी विचारलं. "तुला काय होतं, ओरा?"

ती बोलायला लागली. दोन वाक्यं मराठी, मग सगळं हिब्रू, भरभर. गुडघे, बस, कचेरीतली खुर्ची, तुझा आजार बघून बसलेली भीती, आणि तरीही ऑपरेशन हवंसं वाटतं त्याची लाज. मध्ये दोनदा माझी जीभ वळवळली. दातांखाली धरली. तुझी लेक तासभर बोलली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत बसले. तुझ्यासमोर मी अशी एकदाही बसले नाही, लिया.